अपाची ओपनऑफिसच्या समितीस खुले पत्र: येणाऱ्याला पुढची वाट दाखवा

प्रति,
प्रकल्प व्यवस्थापन समिती, अपाची ओपनऑफिस

स. न. वि. वि.

जून २०११ मध्ये ऑरेकल कंपनीने ओपनऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअर-संचाचा कोड आणि त्याचे नाव अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केले. तेव्हापासून ते नाव तुम्ही सांभाळत आहात. हे पत्र त्या नावाविषयी आहे. ओपनऑफिस शोधत तुमच्या संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाला पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सांगा की या कुळातले चालते काम आज, २०१० मध्ये त्यातूनच फुटून निघालेल्या लिब्रेऑफिसमध्ये आहे, आणि त्याला तिकडे पाठवा, एवढीच माझी विनंती आहे.

ही मागणी तुम्ही आधीही ऐकली आहे. ओपनऑफिसचा कोड खुला होऊन वीस वर्षे होत असताना, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, लिब्रेऑफिस चालवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनने तुम्हाला जाहीर पत्र लिहिले होते. त्यात २०१९ या एका वर्षात दोन्ही प्रकल्पांच्या कोडमध्ये झालेल्या बदलांचे आकडे शेजारी मांडले होते: लिब्रेऑफिसचे १५,००० हून अधिक, ओपनऑफिसचे ५९५. मागणी रास्त होती. पण जिंकलेल्याने हरलेल्यापुढे हिशेब ठेवला की समोरच्याचे मन वळत नाही, ते अधिकच घट्ट होते. त्या पत्राने फारसे काही बदलले नाही याचे मला नवल वाटले नाही, वाईट मात्र वाटले.

मी दोन्हीपैकी कोणत्याही संस्थेचा पदाधिकारी नाही. मराठीत लेखन-संपादन करतो, खुल्या सॉफ्टवेअरवरच करतो, आणि शाळा-ग्रंथालयांत ते बसवायला मदत करतो. मराठीत लिहितो आहे कारण या दुहीची झळ लागणारे बहुतेक लोक विकासकांची भांडणे वाचत नाहीत. ते आपापल्या भाषेत अर्ज, प्रश्नपत्रिका आणि इतिवृत्ते टाइप करत असतात.

झाले काय, हे प्रामाणिकपणे मांडायचे तर दोष एकट्या तुमच्या पदरात टाकता येत नाही. ओपनऑफिसचे मूळ स्टारऑफिस, जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचे. ते १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा कोड खुला केला. पण दाराची कडी सनच्याच हाती राहिली. कोड द्यायचा तर त्याचे हक्क सनला लिहून द्यावे लागत, आणि बाहेरून आलेल्या सुधारणा महिनोन्‌महिने पडून राहत. नोव्हेल या कंपनीच्या लोकांनी म्हणूनच स्वतःच्या सुधारणांचा वेगळा संच, गो-ओओ, चालवला होता. म्हणजे फूट २०१० मध्ये पडली असे आपण म्हणतो, पण भिंतीला तडा त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

जानेवारी २०१० मध्ये ऑरेकलने सन घेतली आणि सगळ्यांनाच धास्ती वाटू लागली. २८ सप्टेंबर २०१० रोजी जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केले. त्यांनी ऑरेकलला बरोबर येण्याचे आमंत्रण दिले आणि ओपनऑफिस हे नाव नव्या संस्थेला द्यावे अशी विनंती केली. लिब्रेऑफिस हे नाव तेव्हा तात्पुरते म्हणून घेतले होते, हे आज फार थोड्यांना आठवते. ऑरेकलने नाव दिले नाहीच, उलट नव्या संस्थेत गेलेल्यांना ओपनऑफिसच्या समुदाय परिषदेतून पायउतार व्हायला सांगितले. आणि पुढच्याच वर्षी, स्वतःचे त्यातले व्यापारी काम थांबवल्यावर, तेच नाव अपाचीकडे दिले. आयबीएमचा त्याला पाठिंबा होता.

म्हणजे भांडण लावणारी कंपनी निघून गेली आणि भांडण मात्र तुम्हा दोन स्वयंसेवी समुदायांच्या वाट्याला आले. घराची वाटणी होऊन बहुतेक माणसे नव्या घरी राहायला गेली, पण जुन्या नावाची पत्रपेटी जुन्याच दारावर राहिली, आणि लोक अजून तिथेच पत्रे टाकत आहेत, अशी आजची अवस्था आहे.

त्या नावावर लोकांचा विश्वास कधी बसला? २००२ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हापासून २०१० पर्यंतच्या काळात. तो विश्वास सनच्या हॅम्बुर्गमधल्या अभियंत्यांनी कमावला, नोव्हेल आणि रेड हॅटच्या लोकांनी कमावला, जगभरच्या भाषांतरकारांनी कमावला. त्यांतले बरेचसे २०१० नंतर लिब्रेऑफिसमध्ये गेले. कायद्याने नाव अपाचीचे आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या नावाची पत ही सर्वांची सामायिक मिळकत आहे, आणि ती सांभाळणाऱ्यावर तिचा वापर सर्वांच्या हिताने करण्याची जबाबदारी येते.

आज त्या विश्वासावर विसंबून येणाऱ्याला काय मिळते? तुमची ४.० आवृत्ती जुलै २०१३ ची, ४.१ एप्रिल २०१४ ची. त्यानंतर तुम्ही ४.१ च्याच दुरुस्त्या देत आला आहात. त्या देणाऱ्या मोजक्या लोकांबद्दल मला आदर आहे. पगाराशिवाय, टीका सोसत, इतका अवाढव्य आणि जुना कोड तीन-तीन प्लॅटफॉर्मवर बांधून देणे सोपे नाही. पण डीओसीएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डची फाइल उघडता येते आणि त्याच रूपात साठवता येत नाही, ही स्थिती आजच्या कार्यालयात किती अडचणीची आहे हे तुम्हालाही माहीत आहे.

त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षेचा. एप्रिल २०१५ मध्ये हंगुल या कोरियन शब्दसंस्कारकाच्या फाइली वाचणाऱ्या भागात एक धोकादायक त्रुटी जाहीर झाली. ती दोन्ही प्रकल्पांत होती, कारण कोड एकाच पोटचा. लिब्रेऑफिसने त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती दिली. तुमची दुरुस्त आवृत्ती, ४.१.२, ऑक्टोबरमध्ये आली. मधल्या काळात वापरणाऱ्यांना सल्ला होता की तो भाग असलेली फाइल स्वतः शोधून काढून टाका. २०१६ मध्ये पुन्हा तसेच: जुलैमध्ये त्रुटी जाहीर, मग हाताने बसवायचे ठिगळ, आणि पूर्ण आवृत्ती ऑक्टोबरमध्ये. शाळेच्या कार्यालयात बसलेला लिपिक प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शिरून एक फाइल बदलेल, अशी अपेक्षा कोणी कशी करावी? अशा सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुमचे तेव्हाचे अध्यक्ष डेनिस हॅमिल्टन यांनी निवृत्तीचा पर्याय उघडपणे चर्चेला ठेवला होता. प्रकल्प थांबवायचा झाला तर कोडचे काय, नावाचे काय, वापरणाऱ्यांचे काय, हे त्यांनी मुद्द्यानुसार मांडले. तो या साऱ्या कहाणीतला अत्यंत धीराचा क्षण होता असे मला वाटते. चर्चा झाली, काही नवे हात आले, आणि विषय मागे पडला. पुढे २०२४ मध्ये तुमच्याच फाउंडेशनच्या सुरक्षा-पथकाने संचालक मंडळापुढे ओपनऑफिसच्या प्रकृतीला लाल शेरा दिला, कारण वर्षाहून जुन्या त्रुटी पडून होत्या. हा शेरा प्रतिस्पर्ध्याने दिलेला नाही.

आता मराठीचे सांगतो. ओपनऑफिसची ४.१ आवृत्ती ज्या भाषांत मिळते त्यांत हिंदी आहे, तमिळ आहे, मराठी नाही. लिब्रेऑफिस मराठीत मिळते. त्यामागे स्वयंसेवकांचे आणि पुण्यातून भारतीय भाषांचे काम करणाऱ्या अभियंत्यांचे श्रम आहेत. मराठी माणूस जुन्या नावाच्या ओळखीने तुमच्याकडे येतो, त्याला त्याच्या भाषेतला पडदा दिसत नाही, आणि तो समजतो की खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नसते. तसे नसते, ते दोन पावलांवर आहे, पण तुमच्या दारात त्याला ते कोणी सांगत नाही. मला सर्वांत जास्त टोचते ते हे.

आणि नुकसान एकेकट्या माणसाचेच होते असे नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराचे उदाहरण तुम्हाला चांगले ठाऊक असेल. त्या पालिकेने ओपनऑफिस स्वीकारले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये नगरपरिषदेने मायक्रोसॉफ्ट ऑफिसकडे परत जायचे ठरवले. कारणे अनेक होती. ओपनऑफिसची जुनीच आवृत्ती वापरात होती आणि कर्मचारी वैतागले होते. पण परिषदेपुढच्या प्रस्तावात एक कारण स्पष्ट होते: लिब्रेऑफिस आणि अपाची ओपनऑफिस असे दोन तट पडल्याने विकासच अडखळला आहे. विशेष म्हणजे त्याच वर्षी फ्रायबुर्ग, म्युनिक, येना अशा गावांनी मायक्रोसॉफ्टच्या फाइली अधिक नीट वाचता-लिहिता याव्यात म्हणून वर्गणी काढून काम करवून घेतले होते. पालिका पदरचा पैसा घालत होत्या आणि तुम्ही दोघे एकमेकांकडे पाठ करून होता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचे फावले, ते असे.

तुम्ही म्हणाल, वेगळे राहणे हा खुल्या सॉफ्टवेअरमधला हक्कच आहे. आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. तो हक्क नसता तर लिब्रेऑफिस जन्मलेच नसते. पण फुटून निघण्याच्या हक्काइतकीच जुनी एक दुसरी रीतही या जगात आहे, ती म्हणजे मूळ घराने फुटलेल्यांचे काम चांगले ठरल्यावर ते मोकळ्या मनाने आपले म्हणणे.

१९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरचे, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाचे, काम मंद झाले म्हणून काही विकासकांनी ईजीसीएस नावाने वेगळी चूल मांडली. जीसीसी हा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा मानबिंदू. त्यांना अभिमान धरून बसता आले असते. एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली आणि कारभार फुटलेल्यांच्या समितीकडे सोपवला. जुने नाव, नवा कोड, नवी माणसे. आज बहुतेक लिनक्स वितरणांचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या जीसीसीने बांधला जातो, आणि त्या फुटीची आठवण काढताना कोणाचा आवाज चढत नाही.

राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या सॉफ्टवेअरचे तसेच. मे २०१६ मध्ये त्याचे बरेच मुख्य विकासक लीड या नावाने बाहेर पडले. भांडण कडवट होते. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले. नाव जुने ठेवले, कोड आणि कारभाराचे नियम बहुतांशी फुटलेल्यांचे घेतले. दोघांनी एकेक गोष्ट सोडली. यात हरले कोण, याची चौकशी आज कोणी करत नाही.

ध्वनी-चित्रफिती हाताळणाऱ्या एफएफएमपेगचा मार्ग निराळा होता. २०११ मध्ये त्यातून लिबएव्ही फुटले, चार वर्षे दोन्ही चालले, २०१५ मध्ये डेबियन हे लिनक्स वितरण एफएफएमपेगकडे परतले आणि त्याच वर्षी एफएफएमपेगच्या प्रमुखाने दिलजमाईची वाट मोकळी व्हावी म्हणून स्वतःहून पद सोडले. ज्याची बाजू वरचढ ठरली तो बाजूला झाला. तुमच्या प्रकरणात अशी दिलदारी अजून कोणत्याच बाजूने दिसलेली नाही.

आणि विलीनीकरण न करताही किती करता येते, ते मराठी लिहिणाऱ्याला रोज डोळ्यांसमोर दिसते. लिनक्सला खिडक्या आणि मेनूंचा दर्शनी भाग देणारे केडीई १९९६ मध्ये सुरू झाले ते क्यूटी या त्या वेळी पूर्णपणे मुक्त नसलेल्या प्रोग्रामिंग-संचावर. त्याला उत्तर म्हणून १९९७ मध्ये नोम उभे राहिले. परवान्यावरून झालेली ती भांडणे वर्षानुवर्षे चालली. तरी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप हे सामायिक व्यासपीठ निघाले, केडीईच्या कल्पनेवरून घडलेली डी-बस ही प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याची सोय पुढे केडीईनेही घेतली, आणि २००९ मध्ये ग्रान कनारियाला दोघांची परिषद एकत्र भरली. एक झाले नाहीत, पण जे दोघांनाही लागते ते दोनदा करायचे नाही, एवढे त्यांनी ठरवले.

अक्षरे जुळवण्याचे कामही असेच. नोमच्या पँगो या अक्षरे मांडणाऱ्या भागात आणि केडीईच्या क्यूटीत एकाच मुळातून निघालेल्या कोडच्या दोन वेगळ्या प्रती झाल्या होत्या. त्या एकत्र आणून हार्फबझ उभे राहिले, आणि बेहदाद एस्फाहबोद यांनी ते पुढे नव्याने लिहून काढले. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस त्याच्यावर चालतात. लिब्रेऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्लॅटफॉर्मवर तेच वापरायला सुरुवात केली. ‘दुसऱ्या’मधला पापणीसारखा अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श, जोडाक्षरांची उतरंड, हे सारे एका ठिकाणी दुरुस्त झाले की सगळीकडे दुरुस्त होते. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या लोकांनी मिळून ते केले, म्हणून देवनागरी आज मोबाइलवर आणि संगणकावर एकसारखी उमटते. हंस्पेल हा शुद्धलेखन-तपासकही मूळ हंगेरियनसाठी लिहिला गेला. तो आज लिब्रेऑफिसमध्ये आहे, तुमच्याकडे आहे आणि ब्राउझरांतही आहे. आमच्यासारख्या भाषांना, जिथे काम करणारे हात थोडे आहेत, एकच काम दोन ठिकाणी करणे परवडत नाही.

परवान्याची अडचण मला समजते. अपाची परवान्याखालचा तुमचा कोड लिब्रेऑफिस घेऊ शकते, आणि घेतला आहे. आयबीएमच्या सिंफनी या कार्यालयीन संचातून तुमच्याकडे आलेली बाजूपट्टी लिब्रेऑफिसमध्ये गेली ती याच वाटेने. उलट दिशेने लिब्रेऑफिसचा मोझिला परवान्याखालचा कोड अपाचीच्या धोरणामुळे तुम्ही आत घेऊ शकत नाही. रस्ता एकेरी आहे. यात तुमच्यावर अन्याय होतो असे तुमच्यातल्या काहींना वाटते, आणि ती भावना खोटी नाही. म्हणूनच मी परवाना बदला म्हणत नाही, विलीन व्हा म्हणत नाही, आणि ज्यांना या कोडवर काम करायचे आहे त्यांनी थांबावे असेही म्हणत नाही. त्यांनी खुशाल करावे. पाहुण्याला वाट दाखवण्याच्या आड मात्र कोणताही परवाना येत नाही.

दुसरा युक्तिवाद डाउनलोडांचा. २०२० मध्ये तुम्ही ३० कोटींचा टप्पा जाहीर केला. एवढे लोक अजून येतात म्हणजे त्यांना हेच हवे आहे, असे त्यातून निघत नाही. त्यांना नाव आठवते, एवढेच निघते. आणि येणारे जितके जास्त, तितकी त्यांना खरे सांगण्याची निकड मोठी. ‘कोडच्या आधी समुदाय’ हे अपाचीचे तत्त्व मला मनापासून आवडते. त्या समुदायात वापरणारा माणूस धरायचा की नाही?

दोन शब्द द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या संचालकांनाही, कारण हे पत्र त्यांनीही वाचावे. ओपनऑफिसच्या थकलेपणावर बोट ठेवणे आता थांबवा. लिब्रेऑफिसचा परवाना आज ज्या रूपात आहे तो २०१२ मध्ये तुम्ही कोडचा पाया अपाचीच्या प्रतीवर पुन्हा रचल्यामुळे शक्य झाला, हे ऋण प्रत्येक आवृत्तीच्या निवेदनात मोकळेपणी नोंदवा. ज्या वर्षी तुम्ही समेटाचे पत्र लिहिले त्याच वर्षी लिब्रेऑफिस ऑनलाइनवर सर्वाधिक काम करणाऱ्या कोलाबोरा या कंपनीने ते काम फाउंडेशनबाहेर नेले. फूट कशी पडते, हे तुम्हालाही घरातून कळले आहे. ओपनऑफिसमधून कोणी तुमच्याकडे यायला तयार असेल तर त्याला त्याच्या जुन्या कामाच्या मानाने बसवा. त्याला उमेदवारी करायला लावू नका.

समिती सदस्यहो, करायचे काम थोडके आहे. मुख्य पानावर आणि डाउनलोडच्या पानावर चार ओळींची सूचना: हा प्रकल्प आता फक्त देखभालीपुरता चालतो, नव्या वापरासाठी लिब्रेऑफिस घ्या, हा त्याचा दुवा. पुढच्या ४.१ दुरुस्तीत हीच सूचना प्रोग्राम पहिल्यांदा उघडल्यावर दिसू द्या, म्हणजे ज्यांच्या संगणकावर तो वर्षानुवर्षे पडून आहे त्यांच्यापर्यंतही ती पोचेल. नाव अपाचीकडेच राहू द्या. हस्तांतराची कायदेशीर लांबण हवीच असे नाही. मुक्त दस्तऐवज स्वरूप, ओडीएफ, हे २००६ पासून आयएसओचे मानक आहे, त्यामुळे जुन्या फाइली नव्या ठिकाणी उघडतील. कोणाचे एकही पान हरवणार नाही.

हे आत्ताच करण्याला आणखी एक कारण आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सरकारी कामकाजातले ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचे जाहीर केले. इतर सरकारे तिकडे पाहत आहेत. आमच्याकडेही केंद्र सरकारचे खुल्या मानकांचे धोरण २०१० पासून कागदावर आहे, आणि एखाद्या जिल्हा परिषदेतला अधिकारी उद्या ते अमलात आणायला बसला तर तो आधी शोधेल ते ‘ओपनऑफिस’च. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर काय येईल, यावर त्याचे पुढचे मत ठरेल.

तुम्ही सूचना लिहायचे ठरवलेत तर तिचा मराठी मजकूर मी करून देईन, आणि इतर भारतीय भाषांसाठी ओळखीच्या भाषांतरकारांना विचारीन. तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा आणि जो काही निर्णय होईल, नकार असला तरी, तो कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.

आपला नम्र,
खुल्या सॉफ्टवेअरचा एक मराठी स्वयंसेवक